शनिवारचा जिना

त्या हिवाळ्यात आमच्या घरात कोणी भांडत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की लोक पहिला प्रश्न तोच विचारतात, की मग भांडणं व्हायची का गं तुमच्याकडे? नाही हो. आमच्याकडे आवाज चढायचा तो फक्त कुकरचा. तोही खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ ब्योम एकदा धापा टाकत वर येऊन 'काही फुटलं का' विचारून गेल्यापासून आई दुपारीच लावून मोकळी व्हायची. बाकी घर गप्प. हायत्सुंगच्या, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या पाइपातून पाणी खुळखुळायचं, संध्याकाळी बाबा पट्टा ओढून खिडक्यांवरचे रोलाडन, ते पट्ट्यापट्ट्यांचे पडदे, खडखड खाली सोडायचा, आणि मग घर डब्याचं झाकण लावल्यासारखं बंद व्हायचं. बाबा जर्मनीत, नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर होता. गाडीच्या दाराच्या आत जे काही असतं, काच खालीवर करणारं, ते तो कॉम्प्युटरवर काढायचा. दिवसभर दारांच्या आत राहून घरी आला की त्याला बोलायचं नसे. आईलाही नसे. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि मला वाटायचं की मोठी माणसं अशीच असतात, बोलून बोलून संपल्यासारखी.

आई दातांची डॉक्टर होती. रत्नागिरीला तिचं माहेर, तिथेच बाजारपेठेत एका मैत्रिणीबरोबर तिचा दवाखाना होता, आणि मी तिच्या पोटात असतानासुद्धा ती दाढा उपटत होती असं आजोबा अभिमानानं सांगायचे. बाबाला इकडची नोकरी लागली, आम्ही आलो, धाकटी रेवा इथे झाली. इथे आईला डॉक्टर म्हणून काम करायचं तर आधी भाषा, मग परीक्षा. भाषा झाली. परीक्षा दोनदा दिली आणि दोनदा राहिली. तिसऱ्यांदा देता येते आणि ती शेवटची, हे मला ठाऊक होतं कारण बाबा ते फोनवर सगळ्यांना सांगायचा, आणि आई ते कोणालाच सांगायची नाही. मधल्या काळात ती हाइलब्रॉनच्या एका डॉक्टरकडे मदतनीस म्हणून जायची. पेशंटच्या तोंडात थुंकी ओढून घेणारी नळी धरायची. एकदा मी शाळेतून तिकडे गेले होते, तर तो डॉक्टर, चांगला तरुण पोरगा होता, चुकीच्या बाजूनं काहीतरी करत होता आणि आई नळी धरून छताकडे बघत होती. बाहेर आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "माझं काम नळीचं. तोंड उघडायचं ते पेशंटनं." तेव्हा मी हसले होते.

जेवण मात्र ती मन लावून करायची, किंवा मन नसलं तरी हात करायचे. जर्मन लोण्याचं तूप कढवायची, त्याची बेरी आम्ही साखर घालून खायचो. मासे तिला मनासारखे मिळायचे नाहीत. गोठवलेल्या माशाची आमटी करायची आणि पहिल्या घासाला म्हणायची, "कापूस आहे कापूस." आणि तरी आम्ही भुरके मारायचो. आता मी माझ्या स्वयंपाकघरात ताजा मासा आणते, वाटण वाटते, सगळं यथासांग करते, आणि ती कापसाची आमटी काही जमत नाही. असो. खाण्याचं लिहायला बसले की माझी गाडी रुळावरून घसरते.

तर त्या हिवाळ्यातली सीलबाईची फिल्म. रेवा सहा वर्षांची, नुकती शाळेत जायला लागलेली. तिला गावातल्या लायब्ररीत एक डीव्हीडी सापडली, कव्हर पार झिजलेलं. आयर्लंडमधल्या जुन्या लोककथेवरची, लहान मुलांनी आईबापांबरोबर बघावी अशी सौम्य फिल्म. तिकडच्या किनाऱ्यावरचे लोक मानायचे म्हणे, की काही सील पाण्याबाहेर येऊन कातडं उतरवून ठेवतात आणि खालून बाई निघते. फिल्ममध्ये एका बेटावरच्या कोळ्याला असं कातडं सापडतं, तो ते घरी नेऊन पिठाच्या पेटीमागे दडवतो. ती बाई मग जाणार कुठे? त्याच्याबरोबर राहते. दोन मुलं होतात. माणूस वाईट नाही हं, मारत नाही, ओरडत नाही, तिच्यासाठी चुलीजवळ खुर्ची करून देतो. ती पाव मळता मळता खिडकीतून समुद्राकडे बघते आणि पीठ वाळतं, एवढंच. मग एक दिवस धाकट्या पोराला पेटीमागे ते कातडं सापडतं, आणि ते नेऊन तिच्या मांडीवर ठेवतं, बघ आई किती मऊ. ती पोराचा पापा घेते, कातडं घेते आणि जाते. लहान मुलांची फिल्म असल्यामुळे कोणी रडत-बिडत नाही. रोज सकाळी खडकावर एक सील येऊन बसते, मुलं हात हलवतात, बाप जाळं विणत बसतो, आणि नावं वर सरकायला लागतात.

रेवानं ती रोज बघितली. अक्षरशः रोज. लायब्ररीची मुदत संपली की बाबा इंटरनेटवरून वाढवायचा. फिल्म जर्मनमध्ये होती, त्यामुळे आई हातात शेंगा नाहीतर मेथीची जुडी घेऊन सोफ्याच्या टोकाला बसायची आणि मधूनच विचारायची, "काय म्हणाली गं ती?" तिला समजत नव्हतं असं नाही, दिवसभर जर्मन ऐकून कान किटायचे आणि घरात तेच नको वाटायचं. मी जर्मनमध्येच उत्तर द्यायचे. आम्ही दोघी बहिणी मराठी ऐकायचो आणि जर्मन बोलायचो, तशीच सवय पडली होती, आणि आईनं त्यावरून कटकट करणंही त्या हिवाळ्यात सोडून दिलं होतं. एकदा बाहेर भुरभुर बर्फ पडत होता, फिल्ममध्ये बाई निघून गेली होती, आणि रेवानं वळून आईला विचारलं, तुझ्याकडे पण आहे का असं कातडं? आई म्हणाली, "होतं की. पण माझं कोणी लपवलं नाही बाई. मीच ठेवलं कुठेतरी." आणि मेथी निवडायला लागली. बाबा पलीकडे टेबलावर लॅपटॉप घेऊन बसला होता. तो म्हणाला, "काय लावलंय रोज रोज तेच. बर्फात खेळा जा जरा." आम्ही कोट घालून खाली गेलो.

फेब्रुवारीत आईच्या त्या दवाखान्यातल्या मैत्रिणीचा, अनघामावशीचा फोन आला. तिचा नवरा मस्कतला निघाला होता, ती त्याच्यामागे जाणार होती, आणि दवाखाना एकतर वृषालीनं घ्यावा नाहीतर ती तो विकणार होती. वृषाली म्हणजे आई. हे मला फोनवरून कळलं नाही, जेवताना कळलं. वरणभात होता. बाबानं भात कालवत म्हटलं, "जाऊन ये. सहा महिने बघ. मग ठरवू."

"हं," आई म्हणाली.

"मुलींना सांगितलंस?"

"तू सांग ना."

"तूच सांग. तुझं चाललंय."

आम्ही दोघी त्याच टेबलावर बसलो होतो. रेवा लोणच्याची फोड चोखत होती. मग कोणीच सांगितलं नाही, कारण सांगून झालंच होतं. पुढच्या रविवारी स्काइपवर पुण्याची आजी, बाबाची आई, म्हणाली, "सून बाळंतपणाला माहेरी जाते हे ऐकलं होतं बाई. दवाखाना चालवायला जाते हे नवीनच." एरवी बाबाला मिलिंद म्हणणारी आई आजीसमोर नेहमी 'हे' म्हणायची, तशीच त्या दिवशीही म्हणाली, "ह्यांनीच सुचवलं, आई." आणि खरंच त्यानंच सुचवलं होतं. मला काय वाटलं? खरं सांगू का, काहीच वाटलं नाही. पुढे शहाण्या झाल्यावर मी त्या जागी पुष्कळ दुःख कोंबून बघितलं, पण तेव्हाचं आठवते तर कानात कापूस घातल्यासारखं एवढंच. सहा महिने, सहा महिने असं सगळे म्हणत होते. मराठी मंडळातल्या काकवा म्हणाल्या, बाबाच्या ऑफिसातले म्हणाले, माझ्या वर्गशिक्षिकेनंही मान हलवत तेच म्हटलं. मला फक्त एकच गोष्ट हवी होती, ती परत येणार आहे की नाही हे कोणीतरी सरळ सांगावं. विचारायची मात्र माझी टाप नव्हती. विचारलं आणि उत्तर मिळालं तर?

आता बाबाबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिनियर माणूस, देवाला कधी उदबत्तीसुद्धा लावायचा नाही, पण काही गोष्टींत अगदी आजीचा मुलगा. शनिवारी नखं कापू द्यायचा नाही. निघालेल्या माणसाला 'कुठे निघालास' विचारलं तर डोळे वटारायचा. आणि घरातून कोणी प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही. कारण माणूस गेल्यावर लगेच घर झाडतात ते फक्त मयत उचलल्यावर. ऑफिसच्या कामाला त्याला हंगेरीत जावं लागायचं, तर तिथे पोचल्यावर त्याचा फोन यायचा आणि पहिलं वाक्य हेच, "पोचलो. काढा आता केर." रेवाला तर वाटायचं की हॅलो म्हणायची ही मराठी पद्धत आहे.

आणि आईचं विमान नेमकं निघालं शनिवारी, आणि तो आठवडा होता आमच्या केरवोखेचा. तिकडच्या भागात राहिलेल्यांना सांगायला नको. बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराची जिना झाडायची-पुसायची पाळी असते, ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी लटकते, आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत जिना स्वच्छ नसला तर तुमच्या खानदानाचा उद्धार होतो. रविवारी झाडू हातात घ्यायचा नाही, तो शांततेचा वार. आम्ही आलो तेव्हा बाबा म्हणायचा, बघा, केर हा शब्द ह्यांनी आपल्याकडूनच ढापलाय. त्या आठवड्यात पाटी आमच्या दारावर होती, आणि जिन्यावर बर्फाचा चिखल, घसरू नये म्हणून रस्त्यावर टाकतात ती खडी, सगळी घाण.

सकाळी आईची बॅग दारात उभी होती. निघणाऱ्याच्या हातावर दही घालायचं ते घरातल्या मोठ्या बाईनं, पण घरात मोठी बाई कोण, तर तीच निघालेली. तिनं फ्रिजमधून दह्याचा डबा काढून माझ्या हातात दिला आणि तळहात पुढे केला. मी चमच्यानं दही घातलं, ते थोडं कडेनं सांडलं. तिनं ते चाटून घेतलं, हात धुतला, टॉवेलला पुसला. "रेवाच्या वेणीला आधी पाणी लाव," म्हणाली, "नाहीतर तिला ओढतं." मग रेवाचा पापा, माझा पापा, पटकन, गाडी चुकेल म्हणून घेतात तसा. फ्रँकफुर्टला बाबा एकटाच सोडायला गेला, कारण रेवाला ताप होता. गाडीचं दार लावल्याचा आवाज वरपर्यंत आला. रेवानं फिल्म लावली. मी दूध गरम केलं.

जेवणाच्या सुमाराला फ्राऊ ब्योम वर आल्या. सत्तरीच्या, नीटनेटक्या, कुरकुऱ्या पण दुष्ट नव्हे. त्यांनी आधी रेवाच्या कपाळाला हात लावला, मग पाटीकडे बघितलं, मग जिन्याकडे. मी त्यांना म्हणाले की आज आम्हाला झाडता येणार नाही. आई प्रवासात आहे, ती पोचेपर्यंत आमच्याकडे झाडत नाहीत, लगेच झाडतात ते फक्त कोणी मेलं तर. जर्मनमध्ये हे असं सरळ बोलायला मला अवघड गेलं नाही, मराठीत मात्र तोंडातून निघालं नसतं. मला वाटलं आता ह्या पंधरा मिनिटं बोलणार. त्यांनी ओठ आवळले. "तुझी आई कधी पोचते?" त्यांनी विचारलं. उद्या सकाळी, मी म्हणाले. "उद्या रविवार," त्या म्हणाल्या. "मग सोमवारी करा. सोमवारही चांगला वार आहे." आणि खाली गेल्या. त्या बिल्डिंगच्या इतिहासात त्यांनी कोणाला अशी सूट दिली असेल असं मला वाटत नाही. मला इतकं बरं वाटलं, की सकाळपासून पहिल्यांदा भूक लागली आणि मी उभ्या उभ्या दोन पोळ्या खाल्ल्या.

बाबा परत आला तेव्हा उजेड होता अजून. बूट न काढता तो दाराशी थांबला. मी त्याला फ्राऊ ब्योमचं सांगितलं, सोमवारी केलं तरी चालेल म्हणाल्या. मी ते दोनदा सांगितलं. त्यानं पाटीला हात लावून ती सरळ केली. "असू दे," तो म्हणाला, "हातासरशी होऊन जाईल." आणि कपाटातून झाडू काढला.

मी दारात उभी होते. तो वरच्या पायरीपासून सुरू झाला. नीट, कोपऱ्यातून, कठड्याच्या खालून, जसं तो सगळंच करायचा. खडी खरखरत एका पायरीवरून दुसरीवर पडत होती. मला ओरडायचं होतं. बाबा, ती अजून विमानात पण चढली नसेल. ते वाक्य मला पूर्ण तयार मिळालं होतं, मराठीत, आणि ते माझ्या तोंडात तसंच बसून राहिलं. खालचं दार थोडं उघडलं, फ्राऊ ब्योमनी मान बाहेर काढली, बाबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. मधल्या मजल्यावर तो थांबला आणि वर न बघता म्हणाला, "केतकी, सुपली आण." मी सुपली घेऊन गेले, खाली बसले, धरली. त्यानं केर त्यात भरला. मग बादली आणून पुसलंसुद्धा.

मी पुढे त्याला विचारलं एकदा. त्याला आता गुडघ्यांचा त्रास आहे, अजूनही नेकारसुल्मलाच असतो, तेच घर. मी विचारलं, त्या दिवशी तू जिना का झाडलास? तो म्हणाला, "पाटी होती ना दारावर." मी म्हटलं, फ्राऊ ब्योम सोमवार म्हणाल्या होत्या. तो म्हणाला, "असेल. मला नाही आठवत." खोटं बोलत होता असंही वाटलं नाही. त्या माणसाला दुःख झालं की तो काहीतरी साफ करतो, हे मला माझ्या संसारात पडल्यावर कळलं, कारण मीही तेच करते. पण त्या दिवशी मला हे काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मला त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, जो मी कोणाला विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. बाबानं स्पीकरवर टाकला. मागे रिक्षांचे हॉर्न वाजत होते. "पोचले," आई म्हणाली, आणि हसून, "काढा आता केर."

"हो," बाबा म्हणाला, "काढतो."

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मी कॉर्नफ्लेक्स खात होते, ते खात राहिले. रेवानं फोन घेतला आणि ताप किती होता ते सांगायला लागली.

वसंत आला, घड्याळं तासभर पुढे झाली, नेकारच्या काठानं सायकली फिरायला लागल्या. आम्ही तिघं बरं चालवत होतो. मी वरणभात, पोळ्या, अंड्याची पोळी एवढं शिकले, बाबा शनिवारी राजमा करायचा, रेवाच्या वेणीला मी पाणी लावायचे. स्टुटगार्टहून मंडळातल्या एक काकू डबे पाठवायच्या आणि डब्याबरोबर थोडे प्रश्नही पाठवायच्या. आई आठवड्यातून तीनदा बोलायची. तिच्या मागे पेशंटच्या खुर्चीचा मोठा दिवा दिसायचा. कोणाची अक्कलदाढ कशी आडवी होती, ते हातवारे करून सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज असा वर जायचा की मला तो आवाज ओळखूच यायचा नाही. सहा महिने हा शब्द हळूहळू सगळ्यांनी बोलायचा सोडून दिला.

ऑगस्टमध्ये ती आली, तीन आठवड्यांसाठी, परतीचं तिकीट काढून. फ्रँकफुर्टला आम्ही तिघंही गेलो. रेवा तिच्या अंगावर चढली ती गाडीत बसेपर्यंत उतरली नाही. आई बरी दिसत होती. हे मला लिहायला आजही जड जातं. रापली होती, केस कापले होते, चालताना हात हलवत होती. कोकम, पोहे, आंबोळीचं पीठ, सगळं घेऊन आली होती. ती वाळलेली, रडवेली आली असती तर मी तिच्या गळ्यात पडले असते. इतकी छान दिसतेस, आमच्याशिवाय? असा मला राग आला, सणसणीत, कित्येक महिन्यांनंतरची पहिली धड भावना. फ्रँकफुर्टपासून घरापर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. तिनं माझा हात धरला होता, मी तो काढून घेतला नाही, एवढंच.

ती रेवाच्या खोलीत झोपली. सकाळी मी नेहमीप्रमाणे लवकर उठले, बाबाचा डबा, रेवाचं दूध. चहाचं आधण ठेवलं होतं. मागे चाहूल लागली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, केस मोकळे, अंगावर शाल. आत आली नाही. ओट्याकडे बघत होती. चहाची बरणी मी खिडकीशी आणली होती, मसाल्याचा डबा खालच्या खणात गेला होता, फडकी वेगळी होती.

"मी काही मदत करू का गं?" ती म्हणाली.

"नको," मी म्हणाले. "बस तू. मी देते."

ती टेबलाच्या बाहेरच्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसली. मी आलं किसलं, चहा गाळला, बशीत बिस्किटं ठेवली आणि कप तिच्यापुढे नेऊन ठेवला.

"थँक यू," आई म्हणाली.